चौदा कलमी यादी आणि राहिलेला सिलिंडर

पत्र थोडक्यात : वाचक ४१ वर्षांचे आहेत. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते क्वालिटी विभागात काम करतात. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, आणि पाळी दर आठवड्याला बदलते. घरी शिक्षिका पत्नी, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि रक्तदाब व मधुमेह दोन्ही असलेली सत्तरीची आई. ‘प्रत्येक गोष्टीत उत्तम’ आणि दुसऱ्याची जाण ठेवणारा माणूस व्हायचं म्हणून त्यांनी चौदा कलमांची यादी केली आहे. पाचला उठणं, सूर्यनमस्कार, रोज वीस पानं वाचन, रोजनिशी, अक्षर सुधारणं, गोड बंद, रागवायचं नाही, रोज एका नातेवाइकाला फोन, असं बरंच काही तीत आहे. पहिल्या पाळीच्या सोमवारी यादी सुरू होते, दहा-बारा दिवसांत मोडते, आणि पुढचे कित्येक दिवस ‘आपण कुचकामी’ या भावनेत जातात. गेल्या महिन्यात मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, ते दवाखान्यातून घरीही परतले, तरी यांचा फोन राहिलाच. त्यातच पत्नी म्हणाली, “स्वतःला सुधारायच्या वह्या भरताय, आणि सिलिंडर नोंदवा म्हणून मी तीन दिवस सांगतेय!” ते विचारतात, “माझ्यात इच्छाशक्तीच कमी आहे का? टिकेल अशी एखादी पद्धत सांगा.”

नमस्कार,

तुमच्या पत्रात एक जागा अशी आहे की ती कारखान्यात तुम्ही कधीच चालू दिली नसती. यादी वारंवार मोडते, आणि कारण म्हणून तुम्ही लिहिता, ‘इच्छाशक्ती कमी’. ग्राहक कंपनीला पाठवायच्या एट-डी रिपोर्टात, म्हणजे दोष का आला आणि त्यावर काय केलं ते सांगणाऱ्या अहवालात, मूळ कारणाच्या रकान्यात कुणी ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ एवढंच लिहून आणलं, तर तुम्ही तो कागद परत पाठवाल. ऑपरेटर चुकला ते दिसतंच आहे; त्याला चुकू देणारं काय होतं, ते लिहा म्हणाल. तेवढाच न्याय स्वतःला लावा.

मग आधी तारखा बघू. यादी पहिल्या पाळीच्या सोमवारी सुरू होते. त्या आठवड्यात सातला कारखान्यात हजर व्हायचं म्हणजे तुम्ही तसेही पाच-सव्वापाचला उठत असणार. म्हणजे पहिल्या आठवड्यातलं यश यादीचं नाही, पाळीचं आहे. आठव्या दिवशी दुसरी पाळी लागते. अकराला सुटून घरी यायला पाऊण तास, जेवण, थोडं टेकणं, म्हणजे डोळा लागायला एक वाजतो. त्यावर पाचचा गजर! प्रौढ माणसाला सात तास झोप हवी, मिळतात चार. मंगळवार ते शुक्रवार अशा चार पहाटे धरल्या तर शुक्रवारपर्यंत बारा तासांची तूट झाली. दहावा दिवस बुधवार येतो आणि बारावा शुक्रवार. यादी नेमकी तिथे मोडते यात नवल काहीच नाही, आणि ती मोडली ते एका अर्थी बरंच झालं. चार तास झोपून मशीन शॉपमध्ये फिरणाऱ्या आणि रात्री अकरानंतर घरी येणाऱ्या माणसाने यादी पाळणं हेच जास्त धोक्याचं होतं.

म्हणून पाचला उठण्याचं कलम सगळ्यात आधी काढा. त्याच्या जागी ‘दोन्ही पाळ्यांत सात तास’ असं लिहा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात आठपर्यंत झोपणं म्हणजे आळस नाही, हे घरातल्यांनाही एकदा स्पष्ट सांगा. मुलांची सकाळची शाळा असेल तर त्या वेळची धावपळ त्या आठवड्यात कोण बघणार, हे मात्र पत्नीशी बोलून ठरवा. तुमची झोप तिच्या डोक्यावरचं ओझं वाढवून मिळवलेली नको.

दुसरी गोष्ट ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या समजुतीची. तुम्ही ती लिहिलेली नाही, पण ‘दहा-बारा दिवससुद्धा टिकत नाही’ या वाक्यामागे ती उभी आहे. हा आकडा एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला साधारण किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा सूर्यनमस्कारांशी काय संबंध! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी कृती आपसूक होऊ लागायला किती दिवस लागतात, याचा मधला आकडा तिथे ६६ आला, आणि माणसामाणसात तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाला जास्त वेळ लागतो. तुमच्या कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे : मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे एक दिवस चुकला की सगळं मुसळ केरात, हा हिशेब तुमचा आहे, निसर्गाचा नाही.

आता ‘प्रत्येक गोष्टीत उत्तम’. इथे तुमच्याच टेबलावरचं ड्रॉइंग उघडा. त्यावर सुट्या भागाच्या प्रत्येक मापाला मायक्रॉनमधला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, असतो का? बेअरिंग बसायच्या बोअरला, म्हणजे भोकाला, असतो. बाकीच्या बऱ्याच मापांना आयएसओ २७६८ सारख्या मानकातला सर्वसाधारण टॉलरन्स लागतो. त्यातल्या मध्यम श्रेणीत ३० ते १२० मिलिमीटरच्या मापाला अधिक-उणे ०.३ मिलिमीटर चालतं. एखाद्या हौशी डिझायनरने सगळ्याच मापांना बोअरचा टॉलरन्स दिला तर काय होईल, ते तुम्ही मला सांगाल : पार्ट महाग होईल, रिजेक्शन वाढेल, सीएमएम या मोजणी यंत्रावर रांग लागेल, आणि त्या गर्दीत खरं महत्त्वाचं माप तपासायचं राहून जाईल. तुमच्या यादीत हेच झालंय. वीस पानं वाचन आणि आईची औषधं यांना एकच टॉलरन्स आहे. आईची औषधं तर यादीत नाहीतच, हेही नोंदवून ठेवतो.

कोणती मापं घट्ट धरायची ते ठरवायला माझ्या मते तीन चाळण्या पुरतात. ही गोष्ट बिघडली तर त्रास दुसऱ्याला होतो का? नंतर दुरुस्त करता येत नाही, अशी ती आहे का? थोडी थोडी चूक साठून एके दिवशी मोठी होते का? तिन्हींना ‘हो’ आलं तर ती गोष्ट घट्ट टॉलरन्सची. अशा गोष्टी तीन, फार तर चार ठेवा. बाकी सगळं ‘ठीक आहे’ या मापात मोकळं सोडा, आणि सोडल्याबद्दल हळहळू नका. गोड कमी करायचं असेल तर करा, पण एका लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून तुमचं माणूसपण उणावत नाही.

तुमच्या पत्रातून मला दिसणाऱ्या तीन गोष्टी अशा : घरातली सांगितलेली कामं, आईची औषधं, आणि आजारी-अडचणीतल्या माणसांची विचारपूस. ‘रागवायचं नाही’ हे चौथं, पण त्याचं वेगळं करायला हवं. या चारही गोष्टींत तपासणीचा विषय तुम्ही स्वतः नाही, तुमच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जाणारी वस्तू आहे. ‘मी किती सुधारलो’ हे मोजायला गेज नाही. औषधाची पट्टी संपण्याआधी आली की नाही, हे मात्र कुणालाही कळतं.

सिलिंडरपासून सुरू करू. पत्नीने तीन दिवस सांगितलं, म्हणजे तीन वेळा तुम्ही काहीतरी उत्तर दिलं असणार. बहुधा ‘बघतो’, ‘करतो’, ‘हो हो’. ही उत्तरं बंद करा. सांगितलेल्या कामाला फक्त तीन उत्तरं ठेवा : ‘आत्ता करतो’ आणि खरोखर उठायचं, ‘अमुक वेळेला करतो’ आणि ती वेळ तिच्यासमोर लिहायची, किंवा ‘हे मला जमणार नाही’. तिसरं उत्तर कडू वाटतं, पण ‘बघतो’पेक्षा ते सभ्य आहे, कारण समोरच्याला दुसरी सोय करता येते.

मात्र यातही एक पायरी राहते. सिलिंडर नोंदवायला दोन मिनिटं लागतात. तो संपत आलाय हे ध्यानात ठेवणं, सांगणं, न झाल्यावर पुन्हा सांगणं, आणि पुन्हा सांगताना आपण कटकट करतोय असं वाटून घेणं, हे खरं काम आहे आणि ते तुमची पत्नी करतेय. म्हणून नुसती ‘मदत’ नको. दोन-तीन खाती अख्खी तुमच्याकडे घ्या, लक्षात येण्यापासून संपण्यापर्यंत. गॅसचं खातं असं चालवा : नवा सिलिंडर लावला की त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करा. तीन-चार वेळा नोंद झाली की तुमच्या घरात १४.२ किलोचा सिलिंडर किती दिवस पुरतो ते कळेल. दोन सिलिंडर असतील तर पहिला संपून दुसरा लावला त्याच दिवशी नोंदणी. एकच असेल तर नेहमीच्या दिवसांतून दहा वजा करून त्या तारखेला. दिवाळीच्या फराळाच्या महिन्यात आणि पाहुणे असताना आणखी चार दिवस आधी. वीजबिल, पाण्याच्या फिल्टरची देखभाल, दुचाकी-चारचाकीच्या विम्याची आणि पीयूसीची मुदत हीही तुमच्या स्वभावाला जमणारी खाती आहेत. अशी खाती घेताना पत्नीला ‘मी नीट करतोय ना?’ असं विचारत बसू नका. नाहीतर कामाच्या जोडीला तपासनीसाची नोकरीही तिलाच लागेल.

आईच्या औषधांना जरा जास्त वेळ देऊ, कारण तिथे चूक महागात पडते. आठवड्याचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी मेडिकलमध्ये मिळते. सकाळ-दुपार-रात्र असे वेगळे कप्पे असलेली घ्या. दर रविवारी ती तुम्हीच भरा. भरून झाल्यावर उरलेल्या गोळ्या मोजा, आणि कोणत्याही औषधाचा साठा दहा दिवसांच्या खाली गेला की त्याच दिवशी आणा. गोळ्या संपल्यावर आणायला गेलं की नेमकी तीच नसते आणि दोन दिवस खंड पडतो. इन्सुलिन असेल तर ते डबीबाहेरचं वेगळं प्रकरण. ते फ्रीजमध्ये ठेवा, पण फ्रीझरच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

चुका साधारण तीन ठिकाणी होतात. पहिली, सकाळची गोळी रात्रीच्या कप्प्यात जाते. दुसरी, जेवणाआधीची गोळी घेतली जाते आणि जेवण लांबतं. मधुमेहाच्या काही औषधांनी अशा वेळी साखर एकदम उतरते, घाम येतो, हात थरथरतात. तिसरी सगळ्यात लपून राहणारी : दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी लिहून दिलेलं असतं आणि आई दोन्ही घेत असते. म्हणून पट्टीवरचं कंपनीने दिलेलं नाव न बघता औषधाचं मूळ नाव बघा, आणि दर भेटीला चिठ्ठी न नेता सगळ्या पट्ट्याच पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. काही बंद करायचं किंवा बदलायचं ते त्यांनाच ठरवू द्या. घरी रक्तदाब मोजत असाल तर आधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवा, पाय जमिनीवर, पट्टा बांधलेला हात छातीच्या पातळीला, आणि मोजताना गप्पा बंद. दोन्ही आकडे वेळेसकट वहीत. हे तुम्हाला शिकवायला नको. मोजमापाची पद्धत चुकली की आकडा फुकट जातो, हे तुमचं रोजचंच काम आहे.

आणि एका जाड कार्डावर औषधांची नावं, मात्रा, वेळ, कशाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा नंबर, असं स्वच्छ अक्षरात लिहून एक प्रत आईच्या पिशवीत ठेवा, एक फ्रीजवर लावा. तुमचं अक्षर सुधारायचं कलम इथे कामी येईल. समर्थांनी दासबोधात एक अख्खा समास लेखनक्रियेवर लिहिला आहे. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं, अशी त्यात अपेक्षा आहे. पहिल्या पानावरचं कोरीव अक्षर सगळ्यांनाच येतं. तुमच्या रोजनिशांची पहिली दहा पानं आणि बारावं पान शेजारी ठेवलंत तर समर्थ कशाबद्दल बोलत होते ते कळेल. सरावाला म्हणून रोज वेगळं काही गिरवू नका. जे दुसऱ्या कुणाला वाचायचं आहे, ते सावकाश लिहा. तेवढ्याने अक्षर सुधारतं.

मामांकडे येऊ. त्यांना फोन राहिला म्हणून तुम्ही स्वतःला कोरडं ठरवून टाकलंत. मला तसं वाटत नाही. कुणीतरी ऑपरेशनची बातमी सांगितली, तुम्हाला वाईट वाटलं, आणि ती बातमी ठेवायला जागा नव्हती. जाण ठेवणं हा मनाचा ओलावा असतोच, पण त्यातला मोठा भाग नोंदीचा आहे. ज्यांना आपण ‘फार माणुसकीचे’ म्हणतो त्यांच्यातल्या पुष्कळांकडे एक चुरगळलेली वही किंवा कॅलेंडरवरच्या खुणा सापडतात. हे ऐकायला रुक्ष वाटेल. ज्याला फोन येतो त्याला ते रुक्ष वाटत नाही.

खिशात मावणारी एक वही करा, किंवा फोनमधल्या नोंदी वापरा; पण जागा एकच. कुणाचं ऑपरेशन, मुलीची बारावी, नोकरीची मुलाखत, कोर्टाची तारीख कानावर आली की चार गोष्टी लिहा : कोण, काय, त्यातला पुढचा टप्पा कधी, आणि मी कधी बोलणार. ‘कधी बोलणार’ यात थोडा विचार लागतो. ऑपरेशनच्या दिवशी सगळेच फोन करतात आणि नातेवाईक फोन उचलूनच थकतात. त्या दिवशी एक छोटा संदेश पुरे, आणि त्यात ‘उत्तर देऊ नका’ असंही लिहा. खरा फोन आठव्या-दहाव्या दिवशी, तेव्हा भेटायला येणारे आटलेले असतात आणि माणूस कंटाळलेला असतो. मृत्यूच्या घरीही तसंच. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, महिन्याने जा.

गेल्यावर काय करायचं, तेही लिहून ठेवतो, कारण हेतू चांगला असूनही इथे पुष्कळ जण चुकतात. दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटांहून जास्त बसू नका. ‘नेमकं झालं काय?’ ही कहाणी रुग्णाकडून विसाव्यांदा वदवून घेऊ नका, आणि ‘आमच्या शेजारच्यांना पण असंच झालं होतं’ हे तर नकोच. रुग्णाजवळ जो थांबलाय त्याला ‘जेवलात का, झोप झाली का’ विचारा. ‘काही लागलं तर सांगा’ या वाक्याने काहीच होत नाही, कारण कुणी सांगत नाही. ‘शनिवारी अकरा ते चार मी इथे थांबतो, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून झोपून या’ याला माणूस हो म्हणतो. डबा देणार असाल तर पथ्य आधी विचारा, आणि डबा असा द्या की परत करायची चिंता नको. मृत्यूच्या घरात जेवणापेक्षा कागदपत्रांची मदत जास्त लागते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा महापालिका-नगरपालिकेत होते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर माहिती बहुतेक वेळा तेच कळवतात, पण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता, यांचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का ते दाखला छापण्याआधी तपासून घ्या. बँक, विमा, पेन्शन, मालमत्ता, सगळीकडे प्रत मागतात, म्हणून दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. ही तपासणी तुमच्याइतकी चांगली कोण करील?

मामांना आजच फोन करा. ‘कामात होतो’ नको. ‘फोन करायला फार उशीर झाला, चूक माझी. आता जखम कशी आहे?’ एवढंच. पुढची तपासणी कधी आहे ते विचारा आणि वहीत लिहा. ते रागावले तर ऐकून घ्या. मोठ्या माणसाचा तेवढा हक्क असतो. ‘रोज एका नातेवाइकाला फोन’ हे कलम मात्र काढून टाका. कारण नसताना पाळीने केलेला फोन समोरच्याला दोन मिनिटांत कळतो. आठवड्यात दोन फोन, पण वहीतल्या कारणाने.

राहिला राग. ‘रागवायचं नाही’ हे कलम मोजता येत नाही, म्हणून पाळता येत नाही. दोन आठवडे फक्त नोंद ठेवा : किती वाजता राग आला, त्याआधी शेवटचं खाणं कधी, आदल्या रात्री झोप किती, समोर कोण. मला शंका आहे की बऱ्याच नोंदी पहिल्या पाळीवरून परतल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात सापडतील : पोटात भूक, कानात मशीनचा आवाज, आणि दारातच मुलाची वही. तसं निघालं तर उपाय साधा आहे. घरी आल्यावर हातपाय धुणं, चहा आणि काहीतरी खाणं, अशी वीस मिनिटं होईपर्यंत मार्क, पैसे आणि तक्रारी हे विषय कुणी काढायचे नाहीत. मुलांना कारण सांगितलं तर ती पाळतात. तुम्हीही त्या वीस मिनिटांत फोनमध्ये तोंड घालून बसायचं नाही, म्हणजे सौदा बरोबरीचा होईल. आणि तरी आवाज चढलाच तर त्याच दिवशी झोपण्यापूर्वी माफी मागा, मुलाचीसुद्धा. ‘मी तुझी वही फेकली, ते चुकलं’ इथे वाक्य थांबवा. पुढे ‘पण तूही…’ आलं की माफी संपली आणि रागाचा दुसरा भाग सुरू झाला.

आता व्यायाम-वाचन, ज्यात चुकलं तरी कुणाचं बिघडत नाही. घड्याळ तुमच्या कामाचं नाही, ते दर आठवड्याला बदलतं. म्हणून कृती वेळेला न बांधता घटनेला बांधा. दोन्ही पाळ्यांत सारख्या घडणाऱ्या घटना शोधा : उठल्यावर तोंड धुणं, कारखान्याच्या बसमध्ये बसणं, कामाचे बूट काढणं. ‘तोंड धुतलं की पाच सूर्यनमस्कार’, ‘बसमध्ये बसलो की दोन पानं’. पाच आणि दोनच. जास्त झाले तर आनंद आहे, पण नोंद पाच आणि दोनचीच. चुकलं तर दुसऱ्या दिवशी तेवढंच करा, दुप्पट करून भरपाई करू नका. दुप्पट ओझं बघूनच तिसरा दिवस चुकतो. रोजनिशीऐवजी पंधरवड्यातून एकदा, पाळ्यांचं एक चक्र पूर्ण झालं की, पंधरा मिनिटं बसून तीन उत्तरं लिहा. माझ्या हातून अर्धवट काय सुटलं? कुणाला एकच गोष्ट मला दोनदा सांगावी लागली? न मागता कुणाचं काम झालं? दुसऱ्या प्रश्नाचा आकडा उतरतोय का, एवढंच बघा. न उतरल्यास आणखी जोर लावायच्या आधी ते खातं तुमच्याकडे असावं का, याचा पत्नीशी मिळून विचार करा.

सुरुवात पहिल्या पाळीच्या सोमवारी करू नका. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात करा, तेही बुधवारी, जिथे मागच्या वेळी मोडलं तिथे. तिथे जे टिकेल ते पहिल्या पाळीत टिकेलच. कुणाला जाहीर करू नका, आणि मुलांसाठी तशी यादी मुळीच करू नका.

एक काळजी मात्र वाटते. यादी मोडल्यावर कित्येक दिवस स्वतःबद्दल ‘कुचकामी’ वाटणं, हे मी शिस्तीच्या खात्यात टाकणार नाही. ही भावना दोन आठवड्यांहून जास्त टिकत असेल, झोप-भूक उडत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी ज्यांची पाळी नसते त्यांना घटनांऐवजी ठरावीक वेळ चालेल, बाकी सगळं तेच. पण असंच पत्र एखाद्या गृहिणीने किंवा नोकरी सांभाळून घर चालवणाऱ्या बाईने लिहिलं असतं, तर मी बरंचसं उलटं सांगितलं असतं. तिच्या डोक्यात सिलिंडर, औषधं, सगळ्यांची पथ्यं आणि सगळ्यांचे वाढदिवस आधीच असतात. तिला जाण वाढवायची गरज नाही. तिने एक आठवडा दिवसभरात जे जे आठवणीत ठेवावं लागलं ते फक्त लिहावं, कामं नाही, आठवणी. तो कागद रविवारी जेवणानंतर सगळ्यांपुढे ठेवावा आणि त्यातली निदान तीन खाती नावानिशी दुसऱ्यांना द्यावीत. दिल्यावर ती तिच्यासारखी होणार नाहीत. पोळ्यांचा डबा उघडा राहील, बिल शेवटच्या दिवशी भरलं जाईल. पहिले दोन महिने ते बघूनही हात न लावणं, हे तिच्या यादीतलं पहिलं कलम.